मांडव कुजतो कुठून?

बागेतला लाकडी मांडव मोडकळीला आला की दोष बहुतेकदा पावसाला दिला जातो. खांब उपटून पाहिला तर वेगळेच दिसते. माथा ठीकठाक असतो, मधला भाग ठणठणीत असतो, खोल गाडलेले टोकही त्यामानाने शाबूत निघते. कुजलेली असते ती वीतभर पट्टी, मातीच्या पातळीच्या जराशी खाली-वर. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर लोण्यात गेल्यासारखा आत जातो.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाद्य लागते, पाणी लागते आणि हवा लागते. खाद्य म्हणजे खुद्द लाकूड, ते सगळीकडे आहेच. खोल मातीत पाणी असते पण हवा कमी पडते. जमिनीवर हवा भरपूर, पण ऊन-वाऱ्याने लाकूड वाळून जाते. दोन्ही एकत्र मिळतात ते फक्त जमिनीलगत. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिले तर बुरशी वाढू शकत नाही. ते २५-३० टक्क्यांच्या वर गेले आणि तिथेच टिकले की तिचे राज्य सुरू होते. झोपाळा असो, बाक असो की मधुमालतीचा मांडव, बागेसाठी लाकूडकाम करणाऱ्याचे जवळजवळ सगळे कौशल्य २० टक्क्यांच्या या एका आकड्याभोवती फिरते.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय घरचा आहे. पांढरकवडा, घाटंजी, झरी-जामणी, उमरखेड या पट्ट्यातले जंगल शुष्क पानझडी, आणि त्यात सागाचा भरणा मोठा. टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध झाले, तरी तिथे आत शिरल्यावर आधी दिसतो तो सागच. गावोगावच्या सुतारांनी याच लाकडाच्या चौकटी आणि दारे केली. आता फार्महाऊस आणि बंगल्यांच्या बागांमुळे झोपाळे, बाक, वेलींचे मांडव यांची मागणी वाढते आहे, आणि दोन-तीन सुतार, एक गोल करवत आणि एक रंधा मशीन एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या छोट्या कार्यशाळेला हे काम जमण्यासारखे आहे. मात्र घरातले लाकूडकाम आणि उघड्यावरचे लाकूडकाम यांत फार अंतर आहे. चौकट आयुष्यभर छपराखाली राहते. बागेतला खांब मे महिन्यात ४४-४५ अंशांत भाजतो आणि दोन महिन्यांनी दिवसच्या दिवस निथळत उभा असतो.

सागवान म्हटले की गिऱ्हाईक निर्धास्त होते. हा विश्वास अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा खूप महागात पडतो.

सागाच्या खोडात दोन प्रकारचे लाकूड असते. बाहेरचे फिकट पांढरट ते रसकाष्ठ. झाड जिवंत असताना मुळांकडून वर पाणी नेण्याचे काम ते करते. आतला सोनेरी-तपकिरी गाभा म्हणजे अंतःकाष्ठ. तो पाणी वाहण्याच्या कामातून निवृत्त झालेला असतो, पण निवृत्त होताना झाडाने त्यात बरेच काही भरून ठेवलेले असते. पाणी नेणाऱ्या नळ्यांमध्ये शेजारच्या पेशींचे फुगे वाढतात आणि त्या बुजतात, त्यामुळे पाणी आत शिरायला वाट उरत नाही. त्याखेरीज टेक्टोक्विनोनसारखी क्विनोन वर्गातली संयुगे साठतात. ती वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. थोडा रबरासारखा पदार्थही असतो, त्याने पाणी निथळून जाते आणि रंधलेल्या सागाला तो ओळखीचा तेलकट स्पर्श येतो. सागात सिलिकाही असते, म्हणून सुताराच्या रंध्याची आणि करवतीची धार लवकर बोथट होते. काही कारागिरांना सागाच्या भुशाने अंगावर खाज सुटते, तीही क्विनोन वर्गातल्याच एका संयुगामुळे. जे रसायन वाळवीला रोखते त्याचेच भाऊबंद माणसाच्या कातडीला झोंबतात. तोंडाला फडके आणि भुसा ओढणारा पंखा या कार्यशाळेतल्या गरजेच्या वस्तू आहेत, चैनीच्या नाहीत.

ही सगळी तटबंदी गाभ्यात. रसकाष्ठात यातले जवळजवळ काहीच नसते, उलट साखर आणि स्टार्च असतो. उघड्यावर ठेवले तर सागाचे पांढरे लाकूड कुठल्याही साध्या लाकडासारखेच काही पावसाळ्यांत संपते. ते सागाच्याच झाडाचे होते याने काही फरक पडत नाही.

इथे झाडाचे वय महत्त्वाचे ठरते. कोवळ्या सागात गाभा थोडा आणि त्यातली रसायनेही कमी. १९९०च्या दशकात देशभर सागलागवडीच्या गुंतवणूक योजनांचे पेव फुटले होते. वीस वर्षांत सोने, असा त्यांचा एकूण सूर. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांना लगाम घालण्यासाठी सेबीला १९९९ मध्ये नियम आणावे लागले. पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी लाकडाचा हिशेबच त्यात चुकला होता. पाणी-खत देऊन झाड जाड करता येते, पण गाभा मुरायला जी वर्षे लागतात ती विकत घेता येत नाहीत. नऊशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसावर, आठ महिने कोरड्या हवेत, मुरमाड टेकाडावर वाढलेला विदर्भातला साग सावकाश वाढतो. त्याची वर्षवलये जवळजवळ असतात आणि वीण सुंदर. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये शेजारच्या चंद्रपूरहून सागवान गेले, ते या लौकिकामुळेच.

सागाची वलये इतकी स्पष्ट असतात की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी केरळच्या सागांवरून ५२३ वर्षांची नोंद उभी केली. १४८१ ते २००३ या काळातल्या दुष्काळी मोसमी पावसाच्या खुणा अरुंद वलयांमध्ये त्यांना सापडल्या. हा अभ्यास वाचल्यापासून सागाच्या ओंडक्याचा कापलेला तोंडवळा पाहताना मला हात फिरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गाभ्याचे लाकूड मिळाले तरी ते स्वस्थ बसत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. यवतमाळच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघड्यावरच्या फळीतले पाणी पाच-सहा टक्क्यांवर येते, तर ऑगस्टच्या दमट हवेत, थेट पाऊस न लागताही, सोळा-सतरा टक्क्यांवर जाते. या अकरा टक्क्यांच्या चढ-उताराने फळी रुंदीत फुगते आणि आकसते. लांबीत मात्र जवळजवळ नाही. किती फुगेल हे ती ओंडक्यातून कशी चिरली यावर ठरते. वलयांना समांतर चिरलेली आठ इंची सागाची फळी वर्षभरात सुमारे ४ मिलिमीटर हलते. वलयांना काटकोनात चिरलेली तेवढीच फळी २ मिलिमीटरच. सागाचे हे हलणे इतर अनेक लाकडांच्या मानाने कमीच, म्हणून तर त्याला मान. तरीही आठ फळ्यांचा बाक मे महिन्यात फळीला फळी भिडवून ठोकला, तर ऑगस्टमध्ये त्यांना एकूण ३२ मिलिमीटर जागा लागणार. ती मिळाली नाही की फळ्या उचलतात किंवा फाटतात. फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवणे आणि आरामशीनवर उभे राहून ओंडका कसा चिरायचा हे सांगणे, ही दोन कामे पॉलिशपेक्षा मोलाची आहेत.

हाच विचार सांध्यांना लागू. खिळ्याने जखडलेले लाकूड हलायला गेले की खिळ्याभोवती फाटते. जुन्या पद्धतीत एका लाकडाला कुसू काढून ते दुसऱ्याच्या भोकात बसवत आणि आरपार लाकडी खुंटी मारत. असा सांधा थोडे हलणे सोसतो. फक्त उघड्यावर त्याच्या तळाला पाणी साचते, म्हणून भोकाच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक छिद्र हवे. घरातल्या लाकूडकामात ही गरज पडत नाही, त्यामुळे चांगल्या चांगल्या सुतारांच्या हातूनही ती सुटते. खांबाचा माथा सपाट न ठेवता उतरता हवा, कारण कापलेल्या टोकातून पाणी लाकडाच्या कडेपेक्षा कितीतरी पट वेगाने आत जाते.

आता जमीन. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे, बेसाल्ट झिजून तयार झालेली. तिच्यातली माँटमोरिलोनाइट वर्गातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल अशा भेगा पाडते. या मातीत सरळ रोवलेला खांब वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खाली बसतो, तेही चारही खांब सारखे नाहीत. मांडव तिरका होतो, सांधे उघडतात, उघड्या सांध्यात पाणी जाते. इमारतींसाठी याच मातीवर उपाय म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कंद असलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, विकसित केले. बागेच्या मांडवाला तेवढा खटाटोप नको. माती काढून मुरूम कुटून भरावा, त्यावर दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा जमिनीवर वीतभर निघेल असा बसवावा आणि खांब त्यावर उभा करावा.

हे आपल्या वाड्यांमध्ये होतेच. प्रत्येक लाकडी खांबाखाली घडीव दगडाचा तळखडा असे. तो भार पसरवतो, जमिनीची ओल खांबाच्या उघड्या टोकापर्यंत चढू देत नाही, आणि वाळवीला उघड्यावर आणतो. आपल्याकडची वारूळ करणारी वाळवी कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधत चढते. गाडलेल्या खांबात ती आतून शिरते आणि कळत नाही. दगडावरून चढायचे तर नळी सगळ्यांना दिसते, झाडूच्या एका फटक्यात मोडता येते. आजच्या फार्महाऊसमध्ये खांब थेट सिमेंटमध्ये पुरलेले दिसतात. सिमेंटचा तो पेला पावसात पाणी धरतो, आणि लाकूड तिथे आठवडेच्या आठवडे भिजत राहते. मजबुतीसाठी केलेले काम आयुष्य कमी करते. हे पाहून खरोखर वाईट वाटते, कारण चांगले सागवान आता सहज मिळत नाही.

लाकूड टिकवण्याचा दुसरा मार्ग रसायनाचा, आणि त्याची कथा भारतीय आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. तांबे बुरशी मारते, आर्सेनिक कीटक मारते आणि क्रोमियम दोघांना लाकडात पक्के बसवते. जगभरातल्या विजेच्या खांबांचे, कुंपणांचे, अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी ओट्यांचे आयुष्य या भारतीय शोधाने कैक पटींनी वाढवले. मात्र आर्सेनिक हळूहळू बाहेर झिरपते. मुलांचे हात ज्या लाकडाला लागतात, ज्याच्या पायथ्याशी भाजी पिकते, तिथे ते नको, असे ठरत गेले, आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबले. बागेचे काम करणाऱ्याने हे लक्षात ठेवलेच पाहिजे: असे लाकूड झोपाळ्याला वापरू नये, आणि त्याचे तुकडे चुलीत तर कधीच घालू नयेत, राखेत आर्सेनिक उरते. बोरॉनची संयुगे माणसाला त्यामानाने सौम्य, पण पावसात धुऊन जातात, छपराखालीच उपयोगी. उघड्यावर, जमिनीला लागणाऱ्या भागासाठी, आज तांब्याची आर्सेनिकविरहित परिरक्षके वापरली जातात.

अशा प्रक्रियेचा उपयोग जिल्ह्याला कुठे होईल, तर विरळणीच्या सागात. रोपवनात झाडांना जागा मिळावी म्हणून मधली झाडे ठरावीक काळाने काढावी लागतात. ती मनगटा-मांडीएवढी, बहुतेक पांढऱ्या लाकडाची. दारांना ती कामाची नाहीत. वेलीच्या मांडवाला, कुंपणाला मात्र मापाची आहेत. प्रक्रिया करून, वरच्या भागात वापरून आणि पाय दगडावर ठेवून त्यांतून टिकाऊ वस्तू होतील. गाभ्याचे जुने लाकूड मग खांबांपुरते आणि बसायच्या फळ्यांपुरते राखता येईल. माझ्या मते जिल्ह्यातल्या छोट्या कार्यशाळांनी पकडावे असे काम हेच आहे. लाकूड अर्थात वनखात्याच्या आगारातून लिलावात घेतलेले, किंवा शेतातले असेल तर तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना असलेले.

रंगाबद्दल थोडे. नवा सोनेरी झोपाळा वर्ष-दोन वर्षांत राखाडी पडतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. हे कुजणे नव्हे. उन्हातली अतिनील किरणे पृष्ठभागावरचे लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फिकट सेल्युलोज उरते. बदल वरच्या अगदी पातळ थरापुरता. जाड वार्निशचा थर उन्हात तडकतो, तड्यातून गेलेले पाणी त्याच्याखाली अडकते आणि लाकूड वार्निश न केलेल्यापेक्षा आधी खराब होते. पातळ तेल वर्षातून एकदा, किंवा काहीच नाही, हे दोन्ही चालते. चांगला साग किती टिकतो याचा एक दाखला: मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागाची बांधलेली युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरली, आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत ती आजही तरंगते आहे.

खांब वाळतो आहे की नाही हे कळायला ओलावा मोजणारे छोटे यंत्र पुरते. त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की त्यांच्यामधला विद्युत रोध मोजला जातो. ओले लाकूड वीज अधिक वाहू देते, त्यावरून टक्केवारी दिसते. पावसाने आठवडाभर उघडीप दिली की तीन ठिकाणी टोचावे: खांबाच्या तळाशी, आडव्या लाकडाच्या सांध्याजवळ आणि मधोमध. मधोमध १५ आणि सांध्याजवळ २५ आले, तर पाणी त्या सांध्यात अडकले आहे. खुंटी काढावी, सांधा उघडून दोन दिवस वाळू द्यावा, खाली पाच मिलिमीटरचे छिद्र पाडावे आणि मग पुन्हा जोडावे. वर दाट वेल असेल तर त्या बाजूची थोडी छाटावी, म्हणजे वारा लागेल.