शून्याने भागले, आणि एक बरोबर दोन झाले!

गणिताच्या वर्गात हमखास रंगणारा एक खेळ आहे. अ आणि ब या दोन समान संख्या घ्यायच्या. अ = ब म्हणून अ² = अब. दोन्ही बाजूंतून ब² वजा केल्यास अ² − ब² = अब − ब². अवयव पाडल्यावर (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). दोन्हीकडचा (अ − ब) काढून टाकला की अ + ब = ब, म्हणजेच २ब = ब. तात्पर्य, दोन बरोबर एक!

प्रत्येक पायरी वरवर निर्दोष दिसते. मात्र अ आणि ब समान असल्याने (अ − ब) हे शून्यच आहे. ० × २ = ० × १ हे विधान खरे; पण त्यातील शून्य 'काढून' २ = १ म्हणता येत नाही. भागाकार म्हणजे गुणाकाराची उलट वाट. बाराला तिनाने भागून चार येतात, कारण चार त्रिक बारा. पाचाला शून्याने भागायचे तर शून्याने गुणून पाच देणारी संख्या हवी, ती नाहीच. शून्याला शून्याने भागावे, तर कोणतीही संख्या उत्तर म्हणून चालते. एकदा ही वाट मोकळी केली की बीजगणितात काहीही सिद्ध होईल.

परीक्षेत ही चूक अधिक साळसूदपणे शिरते. क्ष² = ५क्ष या समीकरणात क्ष ने भागले की क्ष = ५ मिळते आणि क्ष = ० ही दुसरी उकल गुपचूप हरवते.

या प्रश्नाने थोरामोठ्यांनाही चकवले आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे लिहिले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांनी शून्य छेद असलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि ती अनंत मानली. 'लीलावती'त त्यांनी एक विलक्षण उदाहरण घातले आहे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले, उत्तर ६३. तर ती संख्या कोणती?

भास्कराचार्यांचे उत्तर १४. गुणक शून्य आणि भाजक शून्य त्यांनी परस्परांत उडवले. आजच्या नियमाने हे अमान्य, कारण १४ ऐवजी २० घेतले तरी शेवटी शून्य भागिले शून्यच उरते. पण शून्याऐवजी अतिशय लहान, मात्र शून्य नसलेली राशी घेतली, तर १४ हेच उत्तर येते. ती राशी कितीही लहान करा. पुढे कलनशास्त्रात 'सीमा' म्हणून रूढ झालेल्या कल्पनेशी हे जवळचे आहे. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग असल्याचे भास्कराचार्यांनी तिथेच नोंदवले आहे आणि ग्रहांच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या तात्कालिक गतीचा विचारही त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त केला आहे.