साहसखेळ, संगणकीय
संगणकाच्या पडद्यावर उलगडणाऱ्या कथेत खेळणाऱ्याने नायकाची भूमिका घेऊन स्थळे शोधणे, वस्तू मिळविणे व कोडी सोडविणे, असे स्वरूप असलेला खेळ. त्यात हाताच्या चपळाईपेक्षा तर्काला अधिक महत्त्व असते. या प्रकारच्या खेळांत कथेची सामग्री आणि ती चालविणारी आज्ञावली यांची फारकत लवकर झाली. अनेक कथांना समान असलेल्या अशा आज्ञावलीस ‘एंजिन’ म्हणतात.

या प्रकारातील आद्य खेळ कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर हा होय. अमेरिकेतील विल क्राउदर यांनी तो १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत रचला. क्राउदर यांना गुहासंशोधनाचा छंद होता. खेळातील गुहा केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या गुहासमूहावर बेतलेली आहे. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात मोठी भर घातली. खेळणारा एकदोन शब्दांत आज्ञा देई. स्थळवर्णने व वाटांची कोष्टके मुख्य आज्ञावलीपासून वेगळी साठविलेली असत; एंजिनाच्या कल्पनेचे बीज येथे आढळते.

मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९७७ पासून रचलेला झॉर्क हा खेळ घरगुती संगणकांच्या स्मृतीत मावणारा नव्हता. म्हणून इन्फोकॉम या कंपनीने (स्थापना १९७९) ‘झेड-मशीन’ हा एक कल्पित संगणक आखला व खेळाचे भाग पाडले. कथा या कल्पित संगणकासाठी एकदाच लिहिली जाई; प्रत्येक खऱ्या संगणकाकरिता तिचा अर्थ लावणारी छोटी आज्ञावली तेवढी नव्याने लिहावी लागे.

रॉबर्टा व केन विल्यम्स यांच्या मिस्टरी हाउस (१९८०) या खेळात मजकुराला रेखाचित्रांची जोड मिळाली. त्यांच्याच कंपनीच्या किंग्ज क्वेस्ट (१९८४) मध्ये नायक चित्रात वावरू लागला. मेनिॲक मॅन्शन (१९८७) या खेळासाठी रॉन गिल्बर्ट व ॲरिक विल्मंडर यांनी ‘स्कम’ हे एंजिन तयार केले. त्यात पडद्यावरील क्रियापदे निवडून आज्ञा देता येत असल्याने ती टंकित करण्याची गरज उरली नाही.

मूळ संगणक कालबाह्य झाल्यावर या फारकतीचे मोल स्पष्ट झाले. २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कमव्हीएम या प्रकल्पाने जुनी एंजिने नव्याने लिहिली. त्यामुळे मूळ कथाफाइली आधुनिक संगणकांवर चालू शकतात. ज्या खेळांत कथा विशिष्ट यंत्राच्या आज्ञांतच गुंफलेली होती, त्यांसाठी मात्र तो सबंध संगणकच आज्ञावलीद्वारे पुन्हा उभा करावा लागतो. दोन्ही बाबतींत मूळ फाइली सुरक्षित राहिलेल्या असणे आवश्यक असते.