पुडीवरचा विंचू

यंदाच्या तंबाखूविरोधी दिनाला आमच्या ग्रुपवर सडलेल्या जबड्याचे सात फोटो आले. मी ते अंगठ्याने भराभर वर सरकवले आणि मग चरकलो. दहा वर्षं मी लोकांना हेच फोटो ‘नीट बघा’ म्हणत होतो.

३१ मे २००९ पासून तंबाखूच्या पुडीवर इशारा म्हणून विंचवाचं चित्र आलं. त्याच सुमारास मी एका संस्थेसाठी एसटी डेपोंत शिबिरं घेऊ लागलो. २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, २०१६ मध्ये चित्रांनी पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापला. इकडे आमचा पहिला फोटो पडद्यावर आला की कुणी चहाला उठे, तर कुणी म्हणे, "आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते."

एका दुपारी वीज गेली. पुढे बसलेल्या चालककाकांच्या छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला होता. वेळ काढायचा म्हणून मी त्याबद्दल विचारलं. घाटातलं धुकं, ब्रेक निकामी झालेली गाडी, मागे भरलेले प्रवासी... काका पाऊण तास बोलले. वीज आली, जबडा पडद्यावर आला. काकांची नजर हलली नाही. मळलेली तंबाखू तळहातावर तशीच. "हा पांढरा चट्टा दुखतो का हो? माझ्या गालात आहे, पण दुखत नाही."

मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेलं मी पुढे वाचलं: स्वतःच्या मोलाची खात्री असलेला माणूस बोचणारं सत्य झटकत नाही. २००७ मध्ये पीटर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या तरुण धूम्रपान करणाऱ्यांना आधी स्वतःच्या चांगल्या गुणांविषयी लिहायला लावलं, मग पाकिटावरची चित्रं दाखवली. त्यांना ती जास्त भीतीदायक वाटली, सिगारेट कमी करायची इच्छाही वाढली. आठवड्यानंतर इच्छा टिकून होती, ओढणं मात्र घटलं नव्हतं. म्हणून पाठपुरावा हवाच. पण ज्याने चित्र पाहिलंच नाही, त्याचा पाठपुरावा कसला करणार?

प्रत्येक शिबिरात आधी अर्धा तास माणसांना बोलू द्या, अशी मी संस्थेकडे मागणी केली. "गप्पांना अहवालात रकाना नाही," असं उत्तर मिळालं. तो राग अजून गेलेला नाही. आता तर शिबिरंही बंद झाली, उरले मोबाइलवरचे फोटो.

काका पुढच्या सोमवारी तपासणीला आले. सुट्टीचा दिवस असूनही गणवेशात, बिल्ला लावून.