प्रतिबिंबाचे मिथ्यात्व आणि आरशाचे दोन प्रयोग

भारतीय काव्यशास्त्रात दृष्टान्त अलंकाराचे लक्षण बिंबप्रतिबिंबभावावर उभे आहे. अद्वैत वेदान्तात तर प्रतिबिंब हे जीव आणि ब्रह्म यांच्या संबंधाचे एक प्रमुख उपमान ठरले. प्रतिबिंबात खरे किती व खोटे किती, हा प्रश्न दोन्हीकडे उद्भवतो. भौतिकीच्या वर्गात दाखविले जाणारे दोन प्रयोग या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतात.

पहिला प्रयोग पाण्यात तेवणाऱ्या मेणबत्तीचा. काचेचे स्वच्छ तावदान उभे करून त्याच्या पुढे ३० सेंटिमीटरांवर पेटती मेणबत्ती ठेवावी आणि पुठ्ठ्याच्या आडोशाने ती वर्गाच्या दृष्टीआड करावी. मागे, बरोबर समोरासमोर व तितक्याच अंतरावर, पाण्याने भरलेला पेला ठेवावा. खोलीत अंधार करून किंचित बाजूने पाहिले असता ज्योत पाण्यातच जळताना दिसते. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्केच परत फिरवते. म्हणून अंधार आवश्यक. हेन्री डर्क्स यांनी १८५८ मध्ये मांडलेल्या या कल्पनेला जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचास सोयीचे रूप दिले आणि २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनमध्ये डिकन्सच्या एका कथेतील भूत प्रेक्षकांपुढे उभे केले.

दुसऱ्या प्रयोगात अंतर्वक्र आरशाच्या वक्रताकेंद्रापाशी एक खोके ठेवतात. खोक्याची उघडी बाजू आरशाकडे असते. आत दिवा उलटा टांगलेला आणि माथ्यावर रिकामा होल्डर. आरशाकडे तोंड करून योग्य जागेवरून पाहणाऱ्यास त्या होल्डरमध्ये सुलट, मूळ आकाराचा दिवा पेटलेला दिसतो. तेथे कागद धरल्यास त्यावर दिव्याची आकृती उमटते. पेल्याच्या ठिकाणी धरलेल्या कागदावर ज्योत उमटत नाही. दिव्याची प्रतिमा वास्तव, ज्योतीची आभासी, असा पाठ्यपुस्तकांतील भेद आहे.

परंतु दोन्ही प्रयोगांत डोळ्यात शिरणारे किरण खऱ्या दिव्याचेच असतात. ते ज्या दिशेने आले त्या सरळ रेषेत आपण वस्तू कल्पितो; चूक होते ती केवळ स्थानाची. पंचपादिका-विवरणाच्या परंपरेने प्रतिबिंब बिंबाहून अभिन्न मानले आणि त्याचे आरशातील असणे तेवढे मिथ्या ठरविले, याचे येथे स्मरण होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दोरी ओळखताच साप नाहीसा होतो. पुठ्ठा काढून मेणबत्ती उघड केली तरी पाण्यातील ज्योत मात्र मालवत नाही. वेदान्ती ज्याला सोपाधिक भ्रम म्हणतात तो हाच: उपाधी आहे तोवर ज्ञानानंतरही टिकणारा. म्हणून रज्जुसर्प आणि प्रतिबिंब हे दृष्टान्त परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. संतवाङ्मयाचा अर्थ लावताना अथवा अनुवाद करताना दोहोंसाठी ‘भ्रम’ हा एकच शब्द योजला, तर ज्ञान झाल्यावरही जग का दिसत राहते, हा मूळ ग्रंथकारांपुढील प्रश्नच लुप्त होतो.