नासलेल्या दुधाची भुर्जी

वडिलांना मधुमेह आहे. ‘भात-भाकरी कमी करा’ हा डॉक्टरांचा कागद घरात मीच वाचून दाखविला. पिष्टाचीच शेवटी रक्तात साखर होते, हे खरे. पण भाकरी काढली तर आमच्यासारख्यांच्या ताटात उरते काय?

उन्हाळ्यात तापविताना दूध नासते, तेव्हा आई आता हळहळत नाही. दुधात शेकडा सुमारे ५ भाग साखर. ती बहुतेक हिरवट पाण्यात निघून जाते. फडक्यात उरतात प्रथिने व स्निग्धांश. कांदा-मिरचीच्या फोडणीवर तो गोळा मोकळा करून त्यात रात्री उरलेली मेथीची भाजी परतावी. सोबत चतकोर भाकरी पुरते. (कुबट वा कडवट दूध मात्र ओतूनच द्यावे.) गाळलेल्या पाण्यात आम्हा भावंडांची कणीक भिजते, वडिलांना ते देत नाही, कारण साखर त्यातच असते.