बटाट्याच्या शेतात उगवलेली सतरा हजार घरं

बटाट्याच्या मुळाला चिकटलेला, मोहरीहूनही बारीक सोनेरी दाणा. भिंगाखाली धरला की कळतं, ही सूत्रकृमीची मादी आहे. मेल्यावर तिची कातडी कडक होते आणि आतली शेकडो अंडी मातीत वर्षानुवर्षं पुढच्या बटाट्याची वाट बघत पडून राहतात. अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा सापडला तो १९४१ मध्ये, न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडवर, हिक्सव्हिल गावाजवळ. बटाट्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांनी कपाळाला हात लावला.

चारच वर्षांत दुसरं महायुद्ध संपलं. सैनिक घरी परतले, पण घर होतं कुणाकडे? कुणी सासुरवाडीला, तर कुणी लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकीत संसार मांडला. किडीला कंटाळलेले शेतकरी जमीन विकायला तयार होतेच. लेव्हिट अँड सन्स या कंपनीने आयलंड ट्रीज भागातली शेतं घेतली. सपाट माळावरचा झाडांचा एक पुंजका दुरून बेटासारखा दिसायचा, म्हणून ते नाव. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिली तीनशे कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत १७,४४७ घरं झाली आणि गावाचं नाव पडलं लेव्हिटटाउन.

हे जमलं कसं? मोटारीच्या कारखान्यात कामगार जागेवर उभा असतो आणि गाडी पुढे सरकते. घर कसं सरकवणार? कंपनीचा अध्यक्ष विल्यम लेव्हिट याने माणसं सरकवली. घर बांधण्याच्या कामाचे २६-२७ तुकडे केले. ट्रक दर ६० फुटांवर तेच ते साहित्य टाकत जायचा आणि मागून टोळ्या यायच्या. एकाने फक्त पांढरा रंग मारायचा, दुसऱ्याने दिवसभर वॉशिंग मशीनच बसवायची. ऐन भरात दिवसाला तीसहून जास्त घरं तयार व्हायची!

प्लॉट ६० बाय १०० फुटांचा, म्हणजे आपले साडेपाच गुंठे. त्यावर साडेसातशे चौरस फुटांचं घर. तळघर नाही. ते सक्तीचं करणारा स्थानिक नियम माजी सैनिकांच्या रेट्यामुळे बदलावा लागला. मला सगळ्यात भावली ती फरशी. तिच्या काँक्रीटमध्येच गरम पाण्याच्या नळ्या पुरलेल्या. बाहेर बर्फ पडतंय आणि स्वयंपाकघरात अनवाणी पावलांना जमीन उबदार लागतेय.

खरी जादू मात्र कागदावर होती. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकार हमी देऊ लागलं. त्यामुळे १९४९ मध्ये ७,९९० डॉलरचं घर सैनिकाला पदरचा एक डॉलरही आधी न भरता घेता आलं. आपल्याकडे गुंठेवारीत घरं आधी होतात आणि कागदांसाठी खेटे नंतर सुरू होतात. इथे सगळे कागद आधीच चोख.

आणि त्याच चोख कागदांत एक कलम होतं: गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणालाही या घरात राहू देऊ नये, घरकामाच्या नोकरांचा अपवाद. त्याच युद्धात लढून आलेला काळा सैनिक या घरात झाडू मारू शकत होता, बिऱ्हाड करू शकत नव्हता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये असं ठरवलं. पुढे कलम गेलं, पण कंपनीने काळ्यांना घर विकायला नकार देणं सोडलं नाही. गोऱ्या रहिवाशांनाही नियम होतेच: कुंपण घालू नका, गवत वेळेवर कापा, दोरीवर कपडे वाळत घालू नका. आपल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हेवा करावा असे.

घराला जिना होता, पण वर नुसता रिकामा माळा. तो लोकांनी सवडीने पुरा केला. पोरं वाढली तशी कुणी छत उचललं, कुणी मागे खोली काढली, कुणी पुढे पडवी. आता त्या रस्त्यांवर हुबेहूब सारखी दोन घरं शोधायची तर बरीच पायपीट करावी लागते.