तबकडीवरची आफ्रिका

'डीजे' हा शब्द आमच्या सोलापुरात उच्चारला की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कानाकडे जातो. मिरवणूक बाळीवेशीत असावी आणि दोन पेठा पलीकडच्या आमच्या फडताळातल्या कपबश्या नाचू लागाव्यात, असा त्याचा पराक्रम! ज्या गावचा गणपती लेझमीच्या ठेक्यावर दिमाखात मिरवत आला त्या गावाला ही भिंतीएवढ्या कर्ण्यांची हौस कोठून लागली, देव जाणे. असो. दिवाळीच्या अंकात वाचकांच्या कानांना आणखी ताप देण्याचा माझा विचार नाही. सांगायचे ते एवढेच की, या दोन अक्षरांतला 'डी' म्हणजे डिस्क, आपली तबकडी. तबकड्या निवडून, त्या एकामागून एक लावून चार माणसांना ऐकवणारा तो डीजे. आता त्याच्याजवळ तबकडी उरलेली नाही आणि चार माणसांची चारशे घरे झाली आहेत, हा भाग निराळा.

पुण्यास असणारा माझा पुतण्या मात्र या शब्दाचा मूळ अर्थ जाणतो. तो आणि त्याची मित्रमंडळी आठवड्याच्या अखेरीस कोठेतरी जमतात. एकजण जुन्या तबकड्यांची पेटी घेऊन येतो, एकेक लावतो, दोन वाक्ये बोलतो, आणि बाकीचे ऐकतात किंवा डोलतात. परवा तो मला म्हणाला, "काका, काल सगळी रात्र आफ्रिका ऐकली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा काँगो, घाना, केनिया!" त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता की जणू ते खंड त्यानेच शोधून काढले.

सोलापूरकरांना या प्रकाराचे नवल वाटू नये. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था निघाली. तिच्या शाखा मुंबई-पुण्याबरोबर नांदेड, तुळजापूर, अंमळनेर आणि आमच्या सोलापुरातही झाल्या. मंगळवार बाजारात गंजलेल्या कुलपांच्या ढिगाखालून बालगंधर्व उपसून काढणारी, घरी आणून साबणाच्या पाण्याने त्यांना न्हाऊ घालणारी आणि मग चार रसिकांना बोलावून ऐकवणारी माणसे या गावाला ठाऊक आहेत. त्यांना कोणी डीजे म्हटले असते तर त्यांनी चहा पाजल्यावाचून हाकलून दिले असते. पण काम तेच!

अशा संग्राहकांच्या नादी लागूनच मला आफ्रिका भेटली, आणि तीही पुण्यास न जाता. आमचे एक कच्छी स्नेही आहेत. कापडाचा धंदा, तीन पिढ्यांपासून सोलापुरात. त्यांच्या काकी लग्न होऊन गेल्या त्या थेट मोंबासाला. १९७०च्या सुमारास आफ्रिकेतला गाशा गुंडाळून ते कुटुंब परतले तेव्हा बरोबर आलेल्या सामानात एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात भांडी असतील, कपडे असतील असे सासरच्यांना वाटले. निघाल्या त्या तबकड्या! लहान, मधे मोठे भोक असलेल्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या. काहींवर मोंबासाच्या 'असानंद' या दुकानाच्या 'म्झुरी' या छापाचे नाव आहे. म्झुरी म्हणजे स्वाहिली भाषेत 'छान'.

पहिली तबकडी लागली तेव्हा भाषेचे एक अक्षर कळले नाही. परंतु चाल! तबला-ढोलकीसारखा ठेका, पेटीचे सूर, आणि कोठेतरी ऐकलेली वळणे. मी आठवण्याचा प्रयत्न करीत होतो तोच स्वयंपाकघरातून आमच्या स्नेह्यांच्या पत्नींचे गुणगुणणे ऐकू आले. त्या तीच चाल हिंदी शब्दांनी म्हणत होत्या! चित्रपटातले गाणे, पण शब्द स्वाहिली. आमच्या स्नेह्यांना ते चोरीचे वाटले. मला तसे वाटत नाही. आमच्या संगीत नाटकांनी तरी कानडी, गुजराती, उर्दू चाली घेताना कोणाची परवानगी मागितली होती? मोंबासा आणि झांजिबारच्या चित्रपटगृहांत हिंदी बोलपट वर्षानुवर्षे चालत, आणि तेथील 'ताराब' नावाच्या गायनप्रकाराने त्या चाली हौसेने आपल्याशा केल्या. मोंबासाचा जुमा भालो हा गवई तर त्यासाठीच प्रसिद्ध होता. तो २०१४ साली वारला.

पण हे झाले अलीकडचे. या देवघेवीचा मागोवा घेत मी मागे जाऊ लागलो, आणि जेथे पोचलो ते ठिकाण पाहून चकित झालो. ते ठिकाण होते मुंबई.

१९२८ सालचा मार्च महिना. झांजिबारहून एक बाई आपल्या साथीदारांसह आगबोटीने मुंबईला आली. नाव सिती बिंती साद. 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीने तिला गाण्यासाठी बोलावले होते. पूर्व आफ्रिकेत तेव्हा ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, आणि झांजिबारला मुंबई परकी नव्हती. तेथे हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या, बाजारात रुपयाच चालत असे. तेव्हा आफ्रिकेचे गाणे टिपायचे तर गायिकेला समुद्र ओलांडून मुंबईत आणावे, हा कंपनीचा हिशेब सरळ होता.

ही सिती कोण? १८८०च्या सुमारास झांजिबार बेटावरच्या फुंबा नावाच्या खेड्यात एका मुलीचा जन्म झाला. आईबाप मूळचे मुख्य भूमीवरून आणलेले गुलाम. मुलीचे नाव ठेवले म्तुम्वा. स्वाहिलीत म्तुम्वा म्हणजे गुलाम! आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू ही नावे ठेवतात. येथे नाव हीच वस्तुस्थिती होती. झांजिबारात गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८९७ साली. ही मुलगी डोक्यावर मडकी घेऊन विकत फिरे, आणि गिऱ्हाइकाला हाक घालता घालता तिचा गळा तयार झाला, असे सांगतात. १९११ साली ती शहरात आली, तेथल्या वादकांकडून शिकली, आणि म्तुम्वाची 'सिती' झाली. सिती म्हणजे बाईसाहेब.

ताराब हे मूळ दरबारी गाणे. सुलतान बरगश याने आपला एक माणूस खास इजिप्तला पाठवून ही विद्या शिकवून आणली, अशी हकीकत आहे. भाषा अरबी, गाणारे पुरुष, ऐकणारे अमीर-उमराव. सितीने हे गाणे स्वाहिलीत आणले. म्हणजे आमच्या ज्ञानदेवांनी गीतेला जे केले त्याच जातीचे काम, असे म्हणण्याचा मोह मला मराठीचा मास्तर म्हणून होतो. पण तुलना ताणू नये. सिती गाताना अंगभर बुरखा घेई. रूपावरून तिची टवाळी करणारे कमी नव्हते. त्यांना उत्तर तिने गाण्यानेच दिले.

आणि गाणी तरी कशाची? प्रेमाची होतीच. परंतु शहरातला अन्याय, लाच, कोर्टकचेऱ्या हेही तिचे विषय. 'किजिती' नावाचे तिचे गाणे एका खुनाची कथा सांगते. परगावाहून आलेल्या एका स्त्रीचा खून झाला, खुनी समुद्र ओलांडून मुख्य भूमीवर पळाला, आणि साक्ष द्यायला आलेल्या तिच्या मैत्रिणींनाच शिक्षा झाली. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या हजारो लोकांना ही बातमी तबकडीने सांगितली. घरोघर ग्रामोफोन कोठला असायला? कॉफीच्या दुकानात एक यंत्र असे, आणि भोवती सगळी आळी!

मुंबईच्या पहिल्या भेटीनंतर ध्वनिमुद्रणाच्या आणखीही फेऱ्या झाल्या. १९३१ सालापर्यंत सिती आणि तिच्या साथीदारांच्या सुमारे ७२,००० तबकड्या खपल्या, असा आकडा नमूद आहे. त्याच काळात आमच्या सुंदराबाई जाधव लावणी-गझलांच्या तबकड्यांनी मुंबई-पुणे गाजवीत होत्या. दोघींनी एकमेकींचे नाव तरी ऐकले असेल का, हा प्रश्न मला फार छळतो. १९२८ सालीच, आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाचे तिघे गवई लंडनला जाऊन 'या अंपोन्सा' हे गाणे तबकडीवर घालून आले; आजच्या घानातल्या 'हायलाइफ' संगीताचे ते आद्य गाणे मानतात. पश्चिम आफ्रिकेची वाट लंडनला गेली, पूर्वेची मुंबईला.

ज्या तबकडीवर हे सारे कोरले गेले ती तरी कशाची? लाखेची. पळसा-बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, छोटा नागपूरच्या जंगलातून गोळा होऊन जी जगभर जाई, तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी बने. बांगडीची लाख ती हीच. आणि बांगडीसारखीच ती फुटते.

आमच्या मुलुखाला आफ्रिका नवी नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. जंजिऱ्याचे सिद्दी आपण शाळेपासून ऐकतो, तेही बहुधा शत्रू म्हणून. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने आपला सुलतान गादीवर बसवला तो आमच्या शेजारच्या परांड्यास, आणि १६२४च्या भातवडीच्या लढाईनंतर त्याच्या फौजा सोलापूरच्या किल्ल्यापर्यंत आल्या. गुजरातेत भडोचजवळ रतनपूरला बावा गोर या पिराच्या स्थानी सिद्दी आजही ज्या नाचगाण्याला 'गोमा' म्हणतात तो शब्द स्वाहिलीतल्या 'न्गोमा'चा भाऊ. न्गोमा म्हणजे ढोल. उलट दिशेने आपले पैसा, गाडी, लाख, विमा हे शब्द तिकडे गेले आणि पेसा, गारी, लाकी, बिमा होऊन राहिले. चपाती तर जशीच्या तशी! इतके असूनही रस्त्यात एखादा आफ्रिकी विद्यार्थी दिसला की आमची सुशिक्षित मंडळी 'हबशी' म्हणून मागे वळून पाहतात. मलिक अंबर ज्या मातीत लढला तेथे हे शोभत नाही.

आता पुन्हा त्या पत्र्याच्या ट्रंकेकडे वळू. सितीच्या तबकड्या त्यात नाहीत. त्या माझ्या ऐकण्यात आल्या त्या नव्याने उतरवलेल्या रूपात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातून १९२० ते १९५०च्या दशकांतल्या स्वाहिली गाण्यांचा संच २००७ साली निघाला. म्हणजे झांजिबारचे गाणे, मुंबईत गायलेले, ते ऐकायला लंडनचा दरवाजा ठोठावायचा! ट्रंकेतल्या तबकड्या कितीतरी नंतरच्या, आणि लाखेच्या नव्हेत. त्या फुटत नाहीत, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर ठेवल्या की पापडासारख्या वाकतात. एकवीसपैकी पाच अशाच गेल्या.

परंतु खरी काळजी दुसरीच आहे. त्या गाण्यांचा अर्थ सांगणारे माणूस या गावात एकच: काकी. वय पंच्याऐंशीच्या पुढे. ताराबमधले शब्द म्हणे सरळ नसतात. वरवर मासे आणि आंबे, आत सवतीला दिलेले टोमणे. हे शब्दकोशात सापडत नाही. तेथे संसार केलेल्या बाईलाच ते कळते. तीन रविवार मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. त्या कच्छी, हिंदी आणि सोलापुरी मराठी यांची खिचडी करून सांगत, मी लिहीत असे. एका गाण्यापाशी मात्र त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"काय म्हणतेय ती, काकी?" मी विचारले.

"ते तुमच्याम्होरं सांगायचं न्हाई, मास्तर!" त्या म्हणाल्या.

"मग कोणाला सांगणार?"

त्यावर त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे गाणं आमच्या शेजारची म्हणायची. ती आफ्रिकन होती. नाव फातुमा. माझ्या पहिल्या बाळंतपणात तिनंच सगळं केलं." मग तबकडी पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा त्या हसल्या नाहीत.

अखेर उपाय निघाला तो माझ्या पत्नीचा. मास्तरसमोर न सांगण्याजोगे बाईमाणसाला सांगता येते! चौथ्या रविवारी मला बाहेरच्या खोलीत बसवून दोघी आत बसल्या. आत हशा चालला होता, आणि मी बाहेर कापडाचे भाव ऐकत होतो. पत्नीने सगळे उतरवून घेतले, काकींचा आवाजही भ्रमणध्वनीवर मुद्रित केला. वही मला दाखवली, पण दोन पाने चिकटवून.

अकरा गाण्यांचे काम झाले आहे, पाच उरली आहेत. काकींना अलीकडे डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून यंत्र उजवीकडे ठेवतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी आफ्रिकेहून परतलेल्या आजी-आत्या असतील, माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, तर ती या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्यास देण्यापूर्वी उघडून पाहावी. तबकड्या आडव्या रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. ऊन लागू देऊ नये. आमच्याकडे त्या सध्या मोल्सवर्थच्या कोशाशेजारी खालच्या खणात उभ्या आहेत, कारण घरातली तेवढीच जागा वैशाखात गार राहते.